खाट एक, म्हातारी उतरवून

दूध उतू जायच्या बेतात होतं.

बहुतेक देशांनी सही केलेल्या एका करारात 'पुरेसं घर' असे दोन शब्द आहेत.

दार काढायला पहार लागत नाही. बिजागरीतली खीळ उपसली की पुरे.

पावतीपुस्तकाचं पान फाडलं तर कारकुनाची नोकरी जाते.

राहतं घर असेल, तर दुसरी जागा दिल्याशिवाय ते पाडायचं नाही, असं न्यायालयाने सांगून ठेवलं होतं. म्हणून पाडकाम पथकाने पद्धत बसवली होती. आधी दार आणि शेगडी ट्रकमध्ये टाकायची, मग पंचनामा करायचा. दार नाही, शेगडी नाही, म्हणजे रिकामं शेड. रिकाम्या शेडला कोण जागा देतं?

शिवणकाम करणारी बाई रस्त्यात उभी होती, गळ्यात मोजपट्टी तशीच. तिची सासू उंबऱ्यावर बसली होती. मागे नुसती चौकट.

"सही कर," अधिकारी म्हणाला. "रिकामं शेड. वस्ती नाही."

"मग मी कोण?"

"तू रस्त्यावर उभी आहेस."

"आणि मी रे?" सासूने विचारलं. "मी काय भूत?"

"म्हातारे, तोंड आवर."

"घरात असते तर आवरलं असतं. घर नाही म्हणतोस ना."

ट्रकजवळची माणसं हसली. अधिकारी हसला नाही.

बाईने पेन घेतलं नाही. "सामान उचललंत. पावती द्या."

"दे रे तिला एक," तो कारकुनाला म्हणाला. "कटकट जाईल."

कारकून एकोणीस वर्षं जप्तीच्या पावत्या लिहीत होता. जे उचललं ते, जसं होतं तसं. लिहून झालं की मोठ्याने वाचायचं, हाही नियमच.

"दार एक, घरक्रमांकासह. शेगडी एक, पेटलेली, विझवून. पातेलं एक, दुधासह. शिवणयंत्र एक. खाट एक, म्हातारी उतरवून. वेळ दहा वाजून पाच."

अधिकाऱ्याने हात पुढे केला. "फाड ते."

"साहेब, पानाला नंबर आहे. खाली कार्बन आहे."

"फाड म्हटलं ना."

"मग तसं लेखी द्या."

कारकुनाला बाईची दया वगैरे आली नव्हती. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. वरचं पान नियमाप्रमाणे तिच्या हातात दिलं आणि पुस्तक काखेत धरलं.

बाईने पावती घडी करून ब्लाउजमध्ये खोचली. "आता लिहा तुमचं रिकामं शेड."

"रात्री तोच कागद पांघर," अधिकारी म्हणाला आणि बुलडोझरवाल्याकडे वळला. "चल, घे पुढे."

सासू हलेना. बाईनेच तिला बगलेत हात घालून उठवलं.

"हळू गं," सासू म्हणाली. "सरकारी माणसं बरी तुझ्यापेक्षा."

सहाव्या वर्षी न्यायालयाने त्या पावतीवरून ते राहतं घर होतं असं मान्य केलं. सासू तोवर गेली होती, आणि जागा एका माणसासाठी मंजूर झाली.