चाळीस किलोंचा झगा

"हसत राहा, पोरी. ओझं चेहऱ्यावर दिसता कामा नये." तीस वर्षांपूर्वीचा आईचा आवाज ग्रासिएलाच्या कानात अजून होता. आज टेक्सासमधल्या लारेडोत वॉशिंग्टन जयंतीचा सोहळा; मुलींनी मंचावर येऊन मुजरा करायचा. वॉशिंग्टनच्या काळच्या थाटाचा, चाळीस किलोंचा मखमली झगा लेकीला घालून ती पाठीवरची नाडी आवळत होती.

"आई, मुजऱ्याला जमिनीपर्यंत वाकले आणि उठताच आलं नाही तर?"

"तर क्रेन बोलावू! आपल्या घरातल्या सगळ्या उठल्या आजवर."

"तूही? दिवाणखान्यातल्या फोटोत तर वाकून रडते आहेस."

"आनंदाश्रू गं ते."

बाहेर लेकीचं, मारिसेलाचं नाव पुकारलं गेलं. ग्रासिएलाचे हात थांबले. मग ती नाडी सैल करू लागली.

"आनंदाश्रू नव्हते, बाळा. मला दोघांनी उचललं होतं."