फिंडाचं वेगळं ताट

"खरं सांग, त्यांना बोलावलं कोणी?" धुराने लाल होऊन चुरचुरणारे डोळे चोळत फिंडाने विचारलं.

तिची भावजय तेवा चुलीपाशी कसाव्याची पानं कुटत होती. तिने मान वर केली नाही. "कोणाला?"

"वेड पांघरू नकोस. पांढऱ्या कपड्यांवाल्यांची गाडी कोइंदू गावाच्या रस्त्यावर थांबलीय. आपलंच घर विचारतायत."

आत चटईवर आई पडली होती. ताप, उलट्या, अंगात त्राण नाही. त्यांच्या इलाजाच्या छावणीत गेलेलं माणूस परत आलेलं फिंडाने तरी पाहिलं नव्हतं. आईला ती नेऊ देणार नव्हती, मग काय वाट्टेल ते होवो.

कोपऱ्यातल्या रेडिओचं दळण सकाळपासून चालूच होतं. "इबोलाची लक्षणं ओळखा. अचानक ताप, उलट्या, जुलाब..."

"मेल्यांनो, पावसाळ्यात कोणाच्या घरी ताप नसतो?" फिंडाने कान पिरगळून त्याचं तोंड बंद केलं. पुढचं तिने ऐकलंच नाही.

मोठे आले शिकवणारे! दहा दिवसांपूर्वी मावशी गेली तेव्हाही हेच आले होते, तिला पिशवीत कोंबून न्यायला. फिंडाने नेऊ दिलं का? स्वतःच्या हातांनी तिने मावशीला आंघोळ घातली, केस विंचरून वेण्या घातल्या, मगच पुरू दिलं. आई तेव्हा पाय मुरगळून घरी होती. आणि ही तेवा? पोट दुखतंय म्हणत घरात दडून बसली. भित्री कुठली!

तेवाने भात वाढला. आईचा आणि स्वतःचा एका परातीत. फिंडाला निराळं ताट, तेही उंबऱ्याबाहेर.

फिंडाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या घरात सगळे जन्मापासून एकाच परातीत हात घालत आले होते. "मी काय कुत्रं आहे?"

"तू बाहेर बस. तिथे वारा आहे," तेवा म्हणाली.

"आईला मी भरवते."

"नको," आतून आईचा आवाज आला. "तेवा भरवेल. तू लांबच राहा गं बाई."

फिंडाला काय ते कळलं. लेकीला काही होऊ नये म्हणून आई सुनेला पुढे करत होती. आईची माया, दुसरं काय! पण माया कळली म्हणून राग जातो थोडाच? पोटची लेक जिवंत असताना परक्या पोरीच्या हातून खायचं? संतापाने तिचं डोकं ठणकत होतं. घास घशाखाली उतरेना. उचकी लागली, ती थांबायचं नाव घेईना.

अंगणात बूट वाजले.

"तूच चुगली केलीस, सटवे!" फिंडा तेवाच्या अंगावर धावून गेली. तेवा झटकन भिंतीपर्यंत मागे सरली.

"तिला मी पाठवलं होतं," आई म्हणाली.

फिंडा जागीच थिजली. म्हणजे आई आपण होऊन निघाली होती? तिने दारात दोन्ही हात आडवे लावले. "आईला हात लावाल तर याद राखा! साधा हिवताप आहे तिला, साधा!"

पांढऱ्या कपड्यांतला माणूस चार हात लांबच थांबला. "आजारी कोण आहे?" त्याने विचारलं.

आई भिंतीला धरून लटपटत उठली. "माझा हिवताप दरवर्षीचाच आहे, दादा. बहिणीचं प्रेत हिने धुतलं. हिचे डोळे बघा, ती उचकी ऐका," ती म्हणाली. "हळू धरा तिला. लेक आहे माझी."