कॉलेजातल्या चार मुली

तालुक्याला नवं कॉलेज निघालं खरं, पण पहिल्या वर्षी नव्वद पोरांत मुली अवघ्या चार. म्हणून कोंडाण्याच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला रघुनाथबुवांनी कळवळून उपरणंच पसरलं. "मायबापहो, यंदा दक्षिणा नको मला. मॅट्रिक झालेली लेक घरात बसवू नका, कॉलेजात नाव घाला तिचं. फी सरकार माफ करतंय. एसटीच्या पासापुरता तेवढा पोटाला चिमटा घ्या!"

टाळ थांबले. बायकांत कुजबुज झाली. मग मागून कोंडाजी हात जोडून उठला.

"बुवा, माज्या शकूला सोयरीक आलीय. पर तुमी म्हनता तर आजच नाय म्हनून कळवतो. फकस्त येकली बावरंल वो पोर. तुमची इंदूबी औंदाच मॅट्रिक झाली ना? दोघींना संगंच धाडू!"

"वा रं कोंडाजी!" म्हणत सारा मांडव कौतुकानं बुवांकडे बघू लागला.


बुवांची मान वर होईना. कीर्तन आटोपलं की पहिली देवापुढे ठेवून मग गावात वाटायच्या म्हणून आणलेल्या इंदूच्या लग्नपत्रिका त्यांच्या पिशवीत होत्या.