सर्व्हिस लिफ्टचा अहवाल

अपेक्षाच्या पदरात पडणार होतं ते एवढं: परळच्या टॉवरमधल्या सोसायटी ऑफिसात पक्की नोकरी, एसीखालची खुर्ची आणि 'मॅडम' ही हाक. त्यासाठी कालच्या प्रकाराचं एक पान इंग्रजीत लिहायचं होतं.

काल सर्व्हिस लिफ्ट अडकली. आत एक कामवाली घुसमटत होती. पंचवीस मिनिटं कुणी फिरकलं नाही, तेव्हा बाकीच्या दहा जणी ओरडत लॉबीत शिरल्या. एकीनं ऑफिसच्या काचेवर हात हाणला. काच फुटली आणि लगेच सगळे धावले.

मॅनेजर हितेंद्रनं अहवालातल्या 'कमोशन'वर बोट ठेवलं. "म्हणजे काय गं?"

"गलका, सर."

"गलका म्हटलं की कमिटी विचारणार, कशामुळे झाला. मग लिफ्टची चुकवलेली सर्व्हिसिंग बाहेर निघणार. माझी वाट. 'फ्रेन्झी' लिही."

"सर, फ्रेन्झी म्हणजे भान सुटून माणूस अंगावर धावतो. त्या तर मदत मागत होत्या."

"असू दे ना. भान सुटलेल्याला कारण कोण विचारतं? तुझं कन्फर्मेशन लेटर आजच सहीला पाठवतो. आता फूटेज लाव. काच कुणी फोडली ते नाव टाक."

फूटेज बघायची अपेक्षाला गरज नव्हती. त्या तळव्यातले काचेचे कण तिनंच काल भोईवाड्यातल्या खोलीत चिमट्यानं काढले होते. इथं ओळख दाखवायची नाही, ही आईचीच अट होती.

स्क्रीनवर आईचा हात वर गेला.

"ही कोण?"

"दुर्गा."

"आडनाव?"

"रजिस्टरमध्ये कामवाल्यांची आडनावं नसतात, सर."

तिनं 'फ्रेन्झी' टाइप केलं.

दुपारी अकरा जणींचे गेटपास परत घेतले. लिफ्टमध्ये अडकलेलीचासुद्धा. हितेंद्र सुटला, अपेक्षा पक्की झाली. रांगेत तिसरी दुर्गा होती. उजव्या हाताला फडकं, म्हणून तिनं डावा अंगठा शाईत बुडवून रजिस्टरवर उमटवला.

शेजारी पास परत घेणाऱ्याची सही लागायची, पूर्ण नावाची. अपेक्षानं 'अपेक्षा' लिहिलं. आईच्याच आडनावापाशी पेन अडलं. हितेंद्र मागेच उभा होता.

"लिहा, मॅडम," आई म्हणाली. "मागे लाइन आहे."