कडेचे तारे

"वहिनी, कडेचे तारे साफ पाहिजेत. मधले बरोबर येऊन राहिले, कडेचे फिसकटून राहिले," म्हणत केशवरावांनी दुर्बीण चष्म्याच्या दुकानाच्या काउंटरवर ठेवली.

निर्मलाबाईंनी आधी दुर्बिणीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. नवऱ्यानं घडवलेली वस्तू किती दिवसांनी घरी येत होती, आणि तीही दुरुस्तीला.

केशवराव लाखनीच्या शाळेत हेडमास्तर. निर्मलाबाईंचे नवरे श्यामराव त्यांचे मित्र, हे दुकान श्यामरावांचंच. दोन पावसाळे खपून श्यामरावांनी ही दुर्बीण बनवली होती. ते काविळीनं अंथरुणाला खिळले तेव्हा केशवराव "पोरांना चार दिवस दाखवतो" म्हणून ती घेऊन गेले. परत काही आली नाही. मागायला माणूस पाठवला की उद्या, परवा. मग केशवरावांनी तिला कॅमेरा जोडला, कृत्तिकांचा फोटो काढला आणि त्यात कोपऱ्यात त्यांना शेपटीवाला तारा सापडला. नवा धूमकेतू! मास्तरांचं नशीबच उघडलं. पेपरात नाव आलं, हारतुरे झाले.

सत्काराच्या दिवशी ते माइकवरून म्हणाले, "ही दुर्बीण मी माझ्या हातानं घडवली." भोंगा सडकेवर लावला होता. श्यामरावांनी ते खाटेवर पडल्यापडल्या ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. ते पुन्हा उठलेच नाहीत. त्या दिवसापासून निर्मलाबाई केशवरावांना मनातल्या मनात रोज शिव्या घालत. त्यात त्यांना काही गैर वाटत नव्हतं.

"आता काय अडलं, भाऊजी?" त्यांनी विचारलं.

"नागपूरचे प्राध्यापक येऊन राहिले. हॅलेचा धूमकेतू पुढच्या वर्षी येईल, आपला तर आताच हाय. त्याले माझं नाव द्यावं म्हणून ते वर लिहिणार हायेत. पण त्यांना नवा फोटो पाहिजे. जुन्यात कडेचे बाकीचे बारके तारेही ओढल्यासारखे दिसतात. ते साफ झाले की आपली शेपटी एकटी उठून दिसेल." मग जराही न लाजता ते म्हणाले, "श्यामराव म्हणायचा, फिल्मच्या तोंडाशी भिंग लावलं की कडा सुधारतात. कोणतं लावायचं ते तुम्हालेच समजते."

"धूमकेतू कुठं येते फोटोत?"

"एकदम कोपऱ्यात."

"अन् शेपटी?"

"बाहेरच्या बाजूले. काहून?"

"काही नाही. भिंग निवडायले माहीत असलेलं बरं. चार दिवसांनी या."

केशवराव गेले तशी आतल्या खोलीतून तुळसा बाहेर आली. ती श्यामरावांची धाकटी बहीण. तिचे डोळे लाल झाले होते.

"वहिनी, देवानं दुकानात आणून देलं त्याले. चरे पडलेलं भिंग लाव. सगळ्या फोटोचा सत्यानास होऊ दे. माह्या भावाचा जीव घेतला त्यानं."

"मी चांगलंच लावीन."

"सोडून देलं का तू त्याले?"

निर्मलाबाई फडक्यानं दुर्बिणीवरची धूळ पुसू लागल्या. तुळसा रागारागात परत आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दुर्बीण समोरच्या राईस मिलकडे रोखली. मागच्या टोकाला कॅमेऱ्याच्या जागी बटर पेपर ताणून बसवला. मिलच्या छपराचे पत्रे कागदावर उलटे उमटले. मधल्या पत्र्यांच्या नळ्या वेगवेगळ्या मोजता येत होत्या. कडेच्या एकमेकींत मिसळून बाहेर ओढल्यासारख्या झाल्या होत्या.

त्यांनी मायनस नंबरच्या भिंगांचा ट्रे काढला. एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं खोलगट, अशीच भिंगं निवडली. पहिलं लावलं, कडा जराशाच सुधारल्या. जास्त नंबरचं लावलं तर कडा आल्या, मधलं गेलं. मग मधला नंबर घेतला, तो कागदापासून थोडा मागेपुढे करून पाहिला. एका जागी सगळं छप्पर या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख उमटलं.

निर्मलाबाई बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. नवरा असता तर त्यानं हाक मारून शेजारीपाजारी गोळा केले असते. त्यांना रडू आलं. मग त्यांनी डोळे पुसले, भिंग गोल घासलं, पितळेच्या कडीत घट्ट बसवलं.

केशवराव आले तेव्हा त्या म्हणाल्या, "यापेक्षा चांगलं भिंग नागपूरलेही भेटणार नाही. पण एक करा भाऊजी. रोल इथं धुऊ नका. परस्पर नागपूरले पाठवा, भिंतीएवढा फोटो करून मागवा, अन् पडदा सगळ्यांसमोर प्राध्यापकांच्याच हातानं काढा. त्याशिवाय शोभा नाही."

शोभा म्हटल्यावर केशवरावांचा चेहरा खुलला. "तुम्ही मन मोठं केलं, वहिनी. तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं."

फोटो समारंभाच्या दिवशीच नागपूरच्या बसनं आला आणि गुंडाळलेलाच शाळेच्या मंडपात पडद्यामागे टांगला गेला. तालुक्यातले सगळे मास्तर जमले होते. शाळेच्या फाटकावर 'केशव धूमकेतू' असा कापडी फलक होता. तुळसा यायला तयार नव्हती. निर्मलाबाईंनी तिला हाताला धरून आणलं.

प्राध्यापकांनी पडदा ओढला, फोटोची गुंडाळी सोडली. मंडपातून "वा!" निघालं. मधोमध कृत्तिकांचा पुंजका होता आणि भोवती पार कडेपर्यंत टाचणीनं टोचल्यासारखे बारीक, गोल तारे.

केशवरावांनी छडी उचलली, लोकांकडे बघत हसून ती वरच्या डाव्या कोपऱ्यावर टेकवली. "हाच तो!" मग त्यांनी स्वतः तिकडे पाहिलं. छडी तिथंच राहिली. त्यांनी उजवा कोपरा पाहिला, खालचे दोन्ही पाहिले, पुन्हा डाव्याकडे आले.

प्राध्यापक चष्मा वर करून त्या कोपऱ्याशी वाकले. मग माइकजवळ आले.

"भिंग मात्र फार उत्तम निवडलंय, सर," ते म्हणाले. "आता एकाही ताऱ्याला शेपटी राहिलेली नाही."

सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या त्या निर्मलाबाईंनी.