पाचवी पेटी

खड्डा खणून झाला, तरी पाचव्या पेटीतल्या मधमाश्यांचं काम थांबलं नव्हतं. एकेक माशी आतून मेलेली अळी ओढत आणायची, दाराशी टाकायची आणि पुन्हा आत जायची. मधपाळाच्या बायकोने तोंड फिरवलं.

अळ्या सडवणाऱ्या रोगाने त्यांच्या बहुतेक पेट्या आधीच गिळल्या होत्या. पाच उरल्या होत्या. त्याही गेल्या की थोरल्या भावाच्या दुकानात नळ आणि तोट्या विकायला बसायचं, हे ठरलेलं होतं. भावाने स्टूलसुद्धा पुसून ठेवलंय, असं वहिनी फोनवर फार मायेने म्हणाली होती.

पेट्या उघडून बघायची सोय नव्हती. एकीत घातलेला हात दुसरीत रोग नेतो, हे तो अनुभवाने शिकला होता. बऱ्याचशा पेट्या त्या अनुभवातच गेल्या होत्या. म्हणून आता तो नुसती दारं बघायचा. चार पेट्यांची दारं पाहुणे यायचे असावेत तशी लख्ख. पाचवीच्या दारात रोज सकाळी मेलेल्या अळ्यांचा ढीग.

बायको म्हणाली, धाकटी उद्या येतेय, ती मधमाश्यांचीच डॉक्टर आहे, तेवढं तरी थांब. रोग काही मेहुणीच्या रजेसाठी थांबत नाही, असं तो म्हणाला. एकीपायी चौघींना मारू का, असंही त्याने विचारलं.

अंधार पडता पडता सगळ्या माश्या घरी आल्या. त्याने दारात चिंधी कोंबली, पेटी खड्ड्यात उतरवली, पेट्रोल ओतलं आणि काडी लावली. आतला आवाज त्याच्या अंदाजापेक्षा बराच वेळ टिकला. त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेहुणी आली. दर पेटीला हातमोजे बदलत तिने चारही पेट्या उघडल्या. पहिलीचं झाकण उचलताच सडका वास आला. दुसरीतही तोच. तिसरी-चौथीतही तोच. पोळ्याच्या घराघरांत अळ्यांचा तपकिरी, चिकट लगदा झाला होता आणि त्यावरून माश्या सवयीने ये-जा करत होत्या.

“यातली एकही वाचणार नाही, भाऊजी,” ती म्हणाली.

तो तिथेच मातीत बसला. काही औषध, असं त्याने विचारलं. औषध नव्हतं. पण काही माश्यांच्या रक्तातच असतं, ती सांगू लागली. आजारी अळी त्यांना वासावरून लवकर कळते. आतले जंतू वाढायच्या आधीच त्या तिला ओढून बाहेर टाकतात. तशी एक राणी मिळाली, तर तिच्या लेकींवर सगळ्या पेट्या पुन्हा उभ्या राहतील.

“अशा पेटीचं दार मात्र बघवत नाही,” मेहुणी म्हणाली. “रोज मेलेल्यांचा ढीग. आसपास कुणाकडे आहे का हो अशी? आजच आणू.”