पार्लरसमोरचा कठडा

पार्लरवाल्या बाईंनी चहाला नको म्हटलं, तेव्हाच प्रकरण गंभीर आहे हे घरातल्यांनी ओळखलं.

"काका रोज संध्याकाळी माझ्या काचेसमोर उभे राहतात," त्या म्हणाल्या. "कठडा धरून, तोंड उघडं टाकून आत बघत बसतात. माझ्या पोरी अवघडतात हो."

सून स्वयंपाकघरात गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासू लागली. मुलगा पंख्याकडे बघत राहिला. निवृत्त हेडमास्तर मात्र, तक्रार दुसऱ्याच कुणा कार्ट्याची असावी तसे, शांतपणे ऐकत होते.

"बाबा, खरं आहे का हे?"

खरं एवढंच होतं, की पार्लरपाशी चढ संपतो आणि हेडमास्तरांचा श्वासही. मग कठडा धरायचा, तोंडाने हवा ओढायची आणि गेलेला श्वास परत येतो की नाही या धास्तीने समोर जे असेल त्याच्यावर डोळे रोवायचे. समोर खिळ्यांचं दुकान असतं तर त्यांनी खिळे बघितले असते आणि कुणाची तक्रार आली नसती.

पण हे सांगितलं की फिरणं बंद. मग खाट, उशाशी ऑक्सिजनचा सिलिंडर आणि भेटायला येणाऱ्यांचे ते केविलवाणे चेहरे. मित्रांकडे जाणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. हसलं की खोकला येई आणि त्यांना खोकला आला की बाकीचे हसायचे थांबत. दुपारभर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत आणि त्याला वाचन म्हणत. उरला होता तो हा एक चढ.

हेडमास्तरांनी दोन्ही प्रकारची लाज मनात तोलून पाहिली आणि त्यातली हलकी उचलली.

"हो," ते म्हणाले. "बघतो."

मुलाचे कान लाल झाले. "या वयात?"

"या वयातच सवड असते."

आतलं भांड्यांचं घासणं थांबलं.

कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायकोने हातातला सदरा बाजूला ठेवला. हेडमास्तरांच्या छातीतली शिट्टी ती शेजारच्या उशीवरून वर्षानुवर्षं ऐकत आली होती.

"हे काही सुधारायचे नाहीत, बाई," ती म्हणाली. "तुम्ही असं करा, कठड्यापाशी एक खुर्ची ठेवा. बघायचंच आहे तर बसून बघू देत. हातांची असू दे, ह्यांना टेकायला लागतं."

हेडमास्तरांनी तेव्हा मान खाली घातली.